रिंगखालची जागा

डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवर तिसऱ्यांदा गार जेल लावलं आणि हातातलं छोटं यंत्र पुन्हा त्याच जागी टेकवलं. सगळे तिला शिडी म्हणत. तिने पाय आखडून घेतले होते. तपासणीचं टेबल तिला वीतभर तरी कमी पडत होतं. आधी दोनदा यंत्र फिरवताना डॉक्टर काहीबाही विचारत होत्या, कुठल्या कॉलेजात आहेस, किती वर्षं खेळतेस. आता त्या नुसत्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडमीट करत होतं.

"हात बघू तुझा," त्या मध्येच म्हणाल्या.

शिडीने हात पुढे केला. डॉक्टरांनी अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. मग अंगठा आणि करंगळी दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती गुंफायला लावली, तर बोटं एकमेकांवर चढून वर उरली. कॉलेजात हा प्रकार शिडी सगळ्यांना गंमत म्हणून करून दाखवायची. डॉक्टरांना त्याची गंमत वाटलेली दिसली नाही.

"घरात इतकं उंच आणखी कोण आहे?"

"आई."

"आणि आईच्या माहेरी?"

आजोबा होते, शिडीने सांगितलं. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. चाळिशी नुकतीच उलटली होती, खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता गेले म्हणे. डॉक्टरांचं पेन जिथल्या तिथे थांबलं.

पुढची दहा मिनिटं डॉक्टर शांतपणे बोलत राहिल्या. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली होती, पाण्याच्या नळीला एखाद्या जागी फुगा यावा तशी. या आजाराला कुणा जुन्या डॉक्टरचं नाव होतं. तो रक्तातून येतो, तिच्या बाबतीत बहुधा आईकडून आलेला. तिची वाहिनी अजून ऑपरेशन करण्याइतकी फुगलेली नव्हती. रोज गोळ्या घ्यायच्या, दरवर्षी तपासायचं आणि खेळ थांबवायचा. धक्काबुक्की नाही, उड्या नाहीत, दम कोंडणं नाही. आजपासून.

"आणि आईला या आठवड्यात घेऊन ये," त्या म्हणाल्या. "खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते."

त्यांनी दोन पत्रं लिहून दिली, एक कोचसाठी, एक आईसाठी. शिडीने ती खेळाच्या बॅगेत तळाशी, नी-कॅपच्या खाली घातली आणि तिथून थेट प्रॅक्टिसला गेली.

शिडी हे नाव तिला शाळेत पडलं होतं. नववीतच ती मुख्याध्यापकांपेक्षा उंच झाली. वर्गात शेवटचा बाक, फोटोत मागच्या रांगेचं टोक, आणि प्रत्येक नव्या शिक्षकाने पहिल्या तासाला विचारायचं, "तुला वर हवा कशी आहे गं?" ती रडवेली होऊन घरी यायची. तिचे बाबा रंगारी होते, अंगाने बेताचे, बायकोच्या खांद्याला जेमतेम लागायचे. त्यांनी त्या नावातली सगळी हवाच काढून टाकली. रंगाऱ्याच्या घरात शिडी असायचीच, ते म्हणाले, आणि माझ्याकडे तर दोन आहेत, उगाच जळतात लोक. तेव्हापासून घरातही तिला शिडीच म्हणू लागले आणि ते नाव टोचायचं थांबलं.

दुसरी शिडी म्हणजे आई. ती पोस्टात पत्रं लावायच्या विभागात होती. भिंतीएवढ्या लाकडी खणांसमोर दिवसभर उभं राहून एकेक पाकीट त्याच्या गावाच्या खणात टाकायचं, हे तिचं काम. वरच्या दोन ओळी पहिल्या दिवसापासून तिच्याच वाट्याला आलेल्या, कारण बाकीच्यांना त्यासाठी स्टूल लागायचं. कुठलाही कागद हातात आला तरी ती खालून वर वाचायची. पत्त्यात गाव शेवटच्या ओळीला असतं, त्याची सवय. बाहेर चालताना मात्र ती खांदे पुढे पाडून चालायची, दारातून जाताना गरज नसली तरी मान वाकवायची. लेकीलाही तिने नकळत तेच शिकवलं होतं. शिडी बसमध्ये अंग चोरून बसायची, बोलताना गुडघ्यात थोडी वाकायची.

कॉलेजात प्रवेशाचा फॉर्म भरायच्या रांगेत ती उभी असताना बास्केटबॉलच्या सरांना तिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसलं. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. दोन्ही हात वर कर, म्हणाले. काहीतरी तपासणी असेल असं समजून तिने केले. सर बुटके होते. त्यांनी मान मागे टाकून तिच्या बोटांच्या टोकांकडे बघितलं आणि उद्या सकाळी सहाला ये म्हणून सांगितलं.

पहिले सहा महिने नुसती फजिती. पायात पाय अडकायचे, हातात आलेला बॉल निसटायचा, एकदा तर सरळ नाकावर आदळला. मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. सेंटरचं काम म्हणजे उंच असणं नव्हे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत. रिंगखाली उभं राहायचं, समोरच्या सेंटरला पाठीने अडवून धरायचं आणि वरून बॉल खाली येईल तेव्हा तो आपलाच असला पाहिजे. ढोपरं लागतील, कुणी पायावर पाय देईल, जागा सोडायची नाही.

"पसर," ते बाहेरून ओरडायचे. "हात पसर, पाय पसर. आणखी. ती जागा तुझी आहे."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती पहिल्या पाचांत आली. हिवाळ्यातल्या एका सामन्यात तिने रिंगवरून परतलेले एकवीस बॉल ओढून घेतले. समोरची सेंटर तिच्याहून अंगाने दीडपट होती, पण शिडी तिच्यापुढे भिंतीसारखी उभी राहिली. त्या दिवशी आई पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती. ऑफिसातून तशीच आलेली, मांडीवर डबा घेऊन शेवटच्या पायरीवर बसली होती. लेकीच्या गालावर ढोपर बसलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, एवढं शिडीला कोर्टावरून दिसलं. घरी आल्यावर आई एकच वाक्य बोलली.

"तिथे तू पाठ ताठ ठेवतेस."

नंतर बाबांनी हळूच सांगितलं, की लेक आंघोळीला गेल्यावर आईने स्वयंपाकघरात दोन्ही हात पसरून, पाय रोवून, ती रिंगखाली कशी उभी होती ते त्यांना करून दाखवलं होतं. दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

आता शेवटचं वर्ष चालू होतं. कॉलेजने आजवर फायनल गाठली नव्हती आणि या वर्षी ती हाताशी आली होती. एका मोठ्या कंपनीचा महिलांचा संघ होता. त्यांचे निवड करणारे गृहस्थ दोन सामने बघून गेले होते. फायनलनंतर बोलू, पण तोवर हृदयाची एक तपासणी करून ठेव, आमच्याकडे सगळ्यांची करतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. नोकरी आणि खेळ एकाच ठिकाणी. म्हणून शिडी त्या टेबलावर जाऊन झोपली होती. नुसती सही आणायला.

फायनलला महिनाही उरलेला नाही, तिने स्वतःला समजावलं. एवढी वर्षं काही झालं नाही, आता चार आठवड्यांत काय होणार आहे? आईला पत्र दिलं, तर ती पहिला प्रश्न विचारणार, तुला कसं कळलं? आणि मग सगळंच सांगावं लागणार. फायनल झाली की त्याच संध्याकाळी सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण पूर्वीचं खेळणं काही राहिलं नाही. प्रत्येक उडीनंतर ती मनात दोन-तीन आकडे मोजायची आणि काही झालं नाही याची खात्री करून पळायची. कधी दम लागला तर बोर्डाचा खांब धरून उभी राहायची आणि आधी इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं तर नाही ना. घरी तिचं लक्ष आईवर असायचं. आई जिन्यात किती वेळा थांबते, बादली कुठल्या हाताने उचलते. आई उठायच्या आधी ती पाणी भरून ठेवू लागली, बाजाराच्या पिशव्या ओढून घेऊ लागली. आज सूर्य कुठून उगवला, आईने विचारलं. शिडी काहीतरी बोलून सटकली.

सेमीफायनल तीन गुणांनी जिंकली. सतरा गुण शिडीचे. कंपनीच्या गृहस्थांनी पायऱ्या उतरून येऊन तिच्याशी हात मिळवला. आईला आधी सांगायचं म्हणून ती अंगावरच्या घामेजल्या कपड्यांनिशी पोस्टाकडे निघाली. आईची सुट्टी व्हायला पंधरा मिनिटं होती. मागच्या बाजूला, सायकली लावतात तिथे, जाळीची खिडकी होती. तिच्यातून खणांची भिंत दिसायची.

आईच्या डाव्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता. तिने उजवा हात सगळ्यात वरच्या ओळीकडे नेला, तो अर्ध्यावर थांबला. गठ्ठा खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी खणाची कड धरली, मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. तिची पाठ वरखाली होताना जाळीपलीकडूनही दिसत होती. मग तिने मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने पाकीट उचललं आणि वरच्या खणात टाकलं.

शिडी खिडकीपासून मागे सरली. जिंकल्याचं सांगायला ती आली होती ते तिच्या डोक्यातून पार गेलं. तिने तिथेच जमिनीवर बॅग उघडली आणि तळाशी हात घालून पत्रं शोधू लागली.

आई बाहेर आली तेव्हा लेक सायकलींजवळच्या कठड्यावर बसली होती. हरलात का, आईने विचारलं. शिडीने नाही म्हणून मान हलवली, जिंकलो म्हणाली, आणि पत्र पुढे केलं. आई शेजारी बसली. नेहमीसारखं खालून वर वाचत गेली, सहीपासून सुरुवात करून. सगळं वाचून झाल्यावर तिची नजर वरच्या कोपऱ्यात पोचली. तिथे तारीख होती. तिथे ती जरा जास्त वेळ रेंगाळली.

"तुलाही आहे हे?"

"हो. पण माझं अजून एवढं नाही."

आईने पत्राची नीट घडी घातली.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "मी रजा टाकते."

आणखी काहीच विचारलं नाही तिने. रस्ताभर शिडी तिच्या प्रश्नाची वाट बघत चालली होती. तो आला नाही, आणि न आल्यामुळे तो जास्तच जड झाला.

आईची वाहिनी डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून जास्त फुगलेली निघाली. आता एक दिवसही कामावर जायचं नाही आणि दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन, असं त्यांनी सांगितलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. नखांत कुठल्याशा घराचा पिवळा रंग होता आणि तो ते दुसऱ्या नखाने खरवडत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, दोन शिड्यांना एकदमच कीड लागायची होती का रे देवा. आई हसली, म्हणून मग तेही हसले.

सरांना पत्र द्यायला शिडी एकटीच गेली. त्यांनी ते दोनदा वाचलं. गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. ती माफी मागायला लागली तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"दोन वर्षं मी रिंगखाली बघितलंच नाही," ते म्हणाले. "बघायची वेळच आली नाही. तू होतीस."

मग त्यांनी पुन्हा पत्र उघडलं, तारीख पाहिली, आणि सेमीफायनलमधल्या शेवटच्या पाच मिनिटांत तुला काही झालं असतं तर, असं बोलायला सुरुवात केली. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर कुणी नसतानाही बाहेर बघत राहिले.

बदली सेंटर दुसऱ्या वर्षातली होती. उंच होती, पण कुणाला धक्का लागला तर आपणच सॉरी म्हणणारी. सहा दिवस शिडी कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसली आणि तिला शिकवत राहिली. बॉलकडे बघू नकोस, आधी पाठीने समोरचीला शोध. पहिले दोन दिवस ती खालच्या आवाजात सांगायची, कारण प्रत्येक वेळी बॉल वर गेला की तिच्या पोटऱ्या आपोआप ताठ व्हायच्या. तिसऱ्या दिवशी ती बाहेरून ओरडली, "पसर. आणखी." आणि ओरडल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

फायनल चार गुणांनी हरली. बदली सेंटरने अकरा बॉल ओढले आणि एकदाही सॉरी म्हटलं नाही. शिडी साध्या कपड्यांत सरांच्या शेजारी बसली होती. मॅच संपल्यावर मुली रडल्या, ती रडली नाही, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिली. कंपनीच्या गृहस्थांचा एकदा फोन आला, फार सभ्यपणे बोलले, पुन्हा आला नाही. कागदावर मोजायची तर तिची कारकीर्द तीन वर्षांची, सत्तेचाळीस सामन्यांची. पुढे सरांनी तिला शाळेच्या मुलींना शिकवायला सोबत घेतलं आणि त्यातच ती रमली. आईचं ऑपरेशन साडेपाच तास चाललं आणि नीट झालं, तीन महिन्यांनी ती पोस्टात परत गेली. पण हे सगळं नंतरचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेत, बाबा चहा आणायला खाली गेले होते आणि आई-लेक दोघीच खोलीत होत्या.

आई उशीला टेकून बसली होती. हॉस्पिटलच्या गाऊनमधून तिची मनगटं बाहेर आलेली. शिडी पायाशी बसली होती, चादरीची कड सारखी करत. ती कितीतरी वेळ एकच सुरकुती काढत होती.

"आई, ते पत्र माझ्याकडे आधीपासून होतं," ती शेवटी म्हणाली. "एकोणीस दिवस. मी दिलं नाही."

"माहीत आहे."

"तुला तेवढ्यात काही झालं असतं तर?"

लेकीच्या हाताखालची चादर आईने हळूच सोडवून घेतली.

"मी पोस्टातली आहे गं," ती म्हणाली. "तारीख माझ्या नजरेतून सुटते का? माझी पर्स दे जरा."

पर्सच्या आतल्या कप्प्याची चेन तिने उघडली आणि एक चिठ्ठी काढून लेकीपुढे धरली. घड्यांवर कागद कापडासारखा मऊ झाला होता. ऑफिसात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली होती, तेव्हाची चिठ्ठी. पाठीत दुखते, दम लागतो, असं लिहून खाली एक ओळ होती, हृदयाचा आवाज वेगळा वाटतो, तज्ज्ञांना त्वरित दाखवावे. शिडीने तारीख बघितली. पुन्हा बघितली. बोटांवर महिने मोजले.

"चार महिने, आई."

"तुझे सामने सुरू व्हायचे होते," आई म्हणाली. "मी आडवी झाले असते तर तू प्रॅक्टिस सोडून घरात बसली असतीस. तुला ओळखते ना मी. म्हटलं, फायनल होऊ दे."

शिडीला रडू यायला हवं होतं, आणि आलंही, पण त्यात मध्येच हसू कुठून घुसलं ते तिला कळलं नाही. आईने तिचं डोकं ओढून खांद्याशी घेतलं. दोघींचे लांब हात त्या अरुंद पलंगावर कुठे ठेवावेत कळेनात, एकमेकींच्या पाठीमागे जाऊनही ते उरत होते.

दार ढकलून बाबा आत आले. तीन कप एकमेकांना टेकवून त्यांनी दोन हातांत तोलून धरले होते आणि थोडा चहा बाहीवर सांडला होता. जिन्यात डॉक्टर भेटल्या होत्या, ते सांगू लागले. अशा केसेस बहुतेक वेळा कळतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. दोघींच्या डोळ्यांची कड ओली दिसली तशी ते दारातच थांबले.

"रडताय काय," ते म्हणाले. "उलट नशीब म्हणा. शिडी तपासायला गेली म्हणून वेळेवर कळलं सगळं."

शिडीने आईकडे पाहिलं.

"हो ना," आई म्हणाली, आणि ती मऊ चिठ्ठी चादरीखालून लेकीच्या मुठीत सरकवून तिने चहासाठी हात पुढे केला.